आत काय आहे?

घरापासून दूर, परक्या मुलखात नोकरी करणाऱ्या माणसाला पार्सल या वस्तूचे जे अप्रूप असते, ते आपल्याच गावात जन्म काढणाऱ्याला कळावयाचे नाही. बदलीच्या गावी सरकारी बंगला मिळतो, दारात जीप उभी राहते, चपराशी सलाम करतो. परंतु दिवाळी चार दिवसांवर आली म्हणजे हा सारा थाट विसरून आपण रेल्वेच्या पार्सल ऑफिसात दोन-दोन चकरा मारू लागतो. आमच्या या पत्राचे बहुतेक वाचक असेच दूरदेशी पडलेले असल्यामुळे त्यांना हे अधिक फोडून सांगावयास नको.

आमचे पार्सल साताऱ्याहून येत असे. ते बांधणे हा आमच्या आईचा वर्षातला एक मोठा समारंभ होता. पत्र्याच्या डब्यात सामान भरून झाले की झाकणाच्या कडेने कणीक लिंपावयाची, त्यावर मांजरपाटाचे अभ्रे चढवावयाचे, दाभणाने आणि सुतळीने ते शिवून काढावयाचे, आणि मग शाईची पेन्सिल जिभेला लावून पत्ता घालावयाचा. पत्त्याखेरीज डब्यावर आणखीही पुष्कळ मजकूर असे. ‘ही बाजू वर’, ‘आपटू नये’, ‘आत बरणी आहे’. एके वर्षी तिच्या मनात आले की आपला मुलगा ज्या मुलखात राहतो तिथल्या हमालाला मराठी कोठून वाचता येणार? म्हणून शेजारच्या मास्तरांकडून तिने हाच मजकूर हिंदीत आणि इंग्रजीत लिहवून घेतला; आणि हमालाला यांपैकी काहीच वाचता आले नाही तर काय, अशी शंका येऊन शेवटी स्वतःच्या हाताने एक मोठा बाण काढला. पार्सल ऑफिसातल्या कारकुनाने ‘आत काय आहे?’ असे विचारले की ती लाडवांच्या संख्येपासून सुरुवात करी. कारकून बापडा ‘खाद्यपदार्थ’ एवढेच लिहून मोकळा होई. परंतु आई सगळे सांगून संपेपर्यंत खिडकी सोडीत नसे.

एवढ्याने भागत नसे. डब्याच्या आधी तिचे कार्ड येऊन पोहोचे. ‘डबा आज रेल्वेने टाकला आहे. बरणी तळाशी आहे, डबा आडवा करू नकोस. तेल झिरपले असेल तर चिवडा आधी बाहेर काढ. बरणीचा दट्ट्या घट्ट बसला असेल, सुरीने काढू नकोस, हात कापून घेशील.’ हे कार्ड वाचून आम्ही मित्रमंडळींत हसत असू. एका लोणच्याच्या बरणीपायी केवढा हा पत्रव्यवहार!

या हसण्याचा आम्हांस पुढे पश्चात्ताप झाला. त्याला कारण आमची नोकरी.

आम्ही ज्या कारखान्यात होतो तो पूर्व किनाऱ्यावरील एका प्रांतात होता. मिठाच्या पाण्यातून वीज सोडून कॉस्टिक सोडा करावयाचा, हा तिथला मुख्य उद्योग. या क्रियेत सोड्याबरोबरच क्लोरीन वायू निघतो. तो दाबाखाली थंड करून द्रवरूप केला जातो आणि पोलादी सिलिंडरांत भरून गिऱ्हाइकांकडे जातो. आमची गिऱ्हाइके म्हणजे कागदाच्या गिरण्या, रंगांचे कारखाने आणि मुख्यतः नगरपालिकांची जलशुद्धीकरण केंद्रे. गावोगावच्या नळाच्या पाण्याला जो एक उग्र वास येतो, तो याच वायूचा. पटकी आणि विषमज्वर यांना गावाच्या वेशीबाहेर अडवून धरणारा हा पहारेकरी आहे. परंतु हाच सिलिंडरातून मोकळा सुटला तर काय करतो, हे १९१५ साली ईप्रच्या रणांगणावर जगाने पाहिले. पिवळट हिरव्या रंगाचा हा वायू हवेच्या सुमारे अडीचपट जड. तो वर उडून जात नाही. जमिनीलगत सरपटत सखल जागा शोधतो. एक लिटर द्रवाचा सुमारे ४५० लिटर वायू होतो. अशा मालाच्या प्रेषण विभागाचे आम्ही अधिकारी होतो.

अधिकारी म्हणजे सही करणारा, अशी त्या वेळी आमची साधी समजूत होती. सह्या मात्र पुष्कळ असत. धोकादायक मालाचे शास्त्र मोठे नीटनेटके आहे. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी अशा पदार्थांचे नऊ वर्ग पाडले आहेत आणि प्रत्येक पदार्थाला चार आकडी क्रमांक दिला आहे. पेट्रोलचा १२०३, घरगुती गॅसचा १०७५, आमच्या क्लोरीनचा १०१७. रस्त्यावरून जाणाऱ्या टँकरच्या पाठीवर चौकोनी फलकात जे आकडे दिसतात ते हेच. आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी हे सारे बंधनकारक केले. मालाचे शास्त्रीय नाव निदान ५० मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत हवे, धोक्याचे चिन्ह निदान २५० मिलिमीटर बाजूच्या चौकोनात हवे, अपघात झाल्यास कोणाला फोन करावा तो क्रमांक हवा, आणि माल पाठविणाऱ्याचे नाव व फोनही हवा. ट्रकच्या केबिनमध्ये एक आपत्कालीन पत्रक हवे. बोलीत त्याला ट्रेम कार्ड म्हणतात. त्यात पदार्थ कसा ओळखावा, गळती झाली तर काय करावे, काय करू नये, हे लिहिलेले असते.

या नियमांत आम्हांस सर्वांत अर्थपूर्ण वाटणारा भाग निराळाच आहे. नियमांनी पहिला भार ड्रायव्हरवर टाकलेला नाही. तो माल पाठविणाऱ्यावर टाकला आहे. गाडी या मालाला योग्य आहे ना, तिच्यात प्रथमोपचाराचे व सुरक्षिततेचे सामान आहे ना, ड्रायव्हर शिकलेला आहे ना, हे पाठविणाऱ्याने पाहावयाचे. वाहतूकदाराला मालाची पूर्ण आणि खरी माहिती द्यावयाची तीही त्यानेच. आणि ती ड्रायव्हरला समजली आहे, अशी खात्री गाडीच्या मालकाने करून घ्यावयाची. ‘दिली’ आणि ‘समजली’ ही दोन क्रियापदे कायद्याने वेगवेगळी वापरली आहेत. त्यांच्यामध्ये केवढी मोठी दरी आहे, हे कळावयास आम्हांस एका माणसाच्या फुप्फुसांची किंमत मोजावी लागली. आणि ती किंमत आमच्या खिशातून गेली नाही, हे त्यातले सर्वांत वाईट.

हे नियम नवे होते तेव्हा आम्हांस एका प्रशिक्षणवर्गाला पाठविण्यात आले होते. तिथल्या व्याख्यात्यांनी १४ एप्रिल १९४४ च्या मुंबईच्या गोदीतील स्फोटाची कथा सांगितली. मराठी माणूस वर्गात आम्ही एकटेच. आम्ही मान डोलावून ‘हे आम्हांला ठाऊक आहे’ असा आविर्भाव केला. आमचे वडील त्या वेळी गिरगावात खोली करून शिकत होते. दुपारी चारच्या सुमारास खिडक्यांची तावदाने खळकन् फुटली, आकाश काळे झाले आणि कोणाच्या तरी घरात छप्पर फोडून सोन्याची वीट पडली, ही हकीकत आम्ही लहानपणी शंभरदा ऐकली होती. सोन्याच्या विटा खऱ्याच होत्या; ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर त्या होत्या आणि पुढे कित्येक वर्षे गोदीच्या गाळातून त्या निघत राहिल्या.

परंतु व्याख्यात्यांनी सोन्याचा उल्लेख एका वाक्यात आटोपला. त्यांनी सांगितले ते निराळेच. या जहाजात सुमारे १४०० टन स्फोटके होती. त्याच जहाजात कराचीला कापसाच्या हजारो गाठी आणि वंगणाच्या तेलाची पिंपे चढविण्यात आली. ज्याने पेट घ्यावा आणि ज्याने फुटावे, ते शेजारी शेजारी ठेवले गेले. असा माल असलेल्या जहाजाने लावावयाचा लाल बावटा गोदीत त्यावर फडकत नव्हता. दुपारी आग दिसली तेव्हापासून पहिला स्फोट चार वाजून सहा मिनिटांनी होईपर्यंत सुमारे दोन तास हाताशी होते. त्या दोन तासांत जहाज बाहेर काढावे की जागीच बुडवावे, याचा निर्णय कोणाचाच झाला नाही. आणि आगीवर पाणी मारणारे अग्निशामक दलाचे ६६ जवान कामावरच मृत्यू पावले. १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात, तो त्यांच्यासाठी. व्याख्याते शेवटी म्हणाले, “तुम्हां सर्वांना सोने आठवते. बावटा कोणालाच आठवत नाही.” आम्ही हे वाक्य वहीत टिपून घेतले. वहीत टिपलेल्या गोष्टी माणूस किती सहज विसरतो!

आता आमची स्वतःची गोष्ट. १९९१ ची मकरसंक्रांत. त्या संध्याकाळी आमच्या महाराष्ट्र मंडळात तिळगुळाचा समारंभ होता. मंडळ म्हणजे काय, तर पंधरावीस मराठी बिऱ्हाडे. परंतु आम्ही चिटणीस असल्यामुळे सतरंजीपासून वाट्यांपर्यंत सर्व आमच्याच माथी. चार वाजल्यापासून सौ. चे तीन फोन येऊन गेले होते. फाटकावर एक ट्रक उभा होता. शंभर किलोचे बारा सिलिंडर, दीडशे किलोमीटरवरच्या एका लहान नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यासाठी. नेहमीचा ड्रायव्हर आजारी असल्यामुळे मालकाने दुसरा पाठविला होता. तो परप्रांतीय होता. कारकुनाने चलन, बिल्टी, पत्रक असा गठ्ठा आमच्यापुढे ठेवला. त्यात एक रकाना होता: ‘चालकास सूचना समजावून दिल्या काय?’ आम्ही ‘होय’ वर खूण केली आणि सही ठोकली. ड्रायव्हर खिडकीबाहेर दहा पावलांवर उभा होता. आम्ही त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मग आम्ही मंडळात गेलो आणि रात्री दहापर्यंत ‘गोड बोला, गोड बोला’ असे साऱ्यांना सांगत फिरलो. गोड पुष्कळ बोललो. जे बोलावयास हवे होते तेवढे मात्र बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे सिलिंडर उतरविताना एक हातून निसटला. खाली फळ्या किंवा जुने टायर टाकावे, हे कोणास ठाऊक नव्हते. आपटून त्याचा व्हॉल्व्ह ढिला झाला आणि हिरवट धूर निघू लागला. धूर दिसला की माणसाला प्रथम पाणी सुचते. आणि ते तर पाणीपुरवठा केंद्रच होते, पाण्याला तोटा कसला? पंपावरच्या जमादाराने धावत जाऊन रबरी नळी आणली आणि सिलिंडरावर पाण्याचा मारा सुरू केला. क्लोरीनच्या गळतीवर पाणी मारणे ही सर्वांत घातक चूक आहे. पाण्याशी मिळून त्याचे आम्ल होते, ते आम्ल पोलाद खाते आणि छिद्र मोठे होत जाते. जमादार जितक्या नेटाने पाणी मारीत होता तितक्या नेटाने गळती वाढत होती, आणि वायू जमिनीलगत पसरत त्याच्या पायांपासून छातीपर्यंत चढत होता. जवळच्या मोठ्या गावातून माहितगार माणूस आला आणि त्याने व्हॉल्व्ह बंद केला, तोपर्यंत अर्धा तास गेला होता.

जमादार त्या वेळी ठीक दिसत होता. डोळे चुरचुरत होते, खोकला होता, एवढेच. तो सायकलवरून घरी गेला. या वायूचे हेही एक वैशिष्ट्य आहे. फुप्फुसांत पाणी भरू लागते ते कित्येकदा काही तासांनंतर. म्हणून अशा माणसाला चालू देऊ नये, पडून ठेवावे आणि वैद्यकीय देखरेखीखाली ठेवावे. रात्री त्याचा श्वास अडकला. इस्पितळात तो तीन आठवडे होता. वाचला, परंतु पंपघराचे जिने चढणे त्याला पुन्हा जमले नाही.

चौकशी झाली. ट्रेम कार्ड केबिनमध्येच सापडले, घडीही न मोडलेले. ते इंग्रजीत होते. त्यात आठव्या ओळीवर ‘गळतीवर पाणी मारू नये’ हे स्पष्ट छापलेले होते. फलक जागच्या जागी, चिन्हे जागच्या जागी, रकाना भरलेला, सही झालेली. ड्रायव्हरला सूचना दिल्या होत्या, असे कागद सांगत होते आणि दिल्या नव्हत्या, असे ड्रायव्हर सांगत होता. कागदापुढे ड्रायव्हरचे काय चालणार? ठपका त्याच्यावर आणि त्याच्या मालकावर आला. आम्ही निर्दोष ठरलो. वरिष्ठांनी हात दाबून ‘सुटलात’ असे म्हटले, तेव्हा आम्हांस आनंद झाला, हेही आज लपवीत नाही.

मार्च महिन्यात त्या गावावरून जाण्याचा योग आला, आणि का कोण जाणे, आम्ही जीप थांबविली. जमादाराचे घर विचारीत निघालो. रस्त्यावरच्या पाट्या त्या प्रांताच्या गोल गोल लिपीत होत्या. सहा वर्षे त्या मुलखात राहूनही आम्हांस त्यांतली एक ओळ वाचता येत नव्हती. दोनदा चुकलो. हातात पत्ता असूनही माणूस कसा आंधळा होतो, हे त्या दिवशी उन्हात फिरताना प्रथमच ध्यानात आले.

जमादार खाटेवर बसून होता. आम्ही कारखान्यातून आलो आहोत, एवढेच त्याला कळले. त्याने तक्रार केली नाही. मोडक्या हिंदीत इकडचे तिकडचे बोलला. मग म्हणाला, “बाबू, सब बोलते हैं गाड़ी में एक कागज था. उसमें क्या लिखा था?”

ते पत्रक आमच्या बॅगेत होतेच. आम्ही ते काढले आणि एकेक ओळ हिंदीत सांगू लागलो. वाऱ्याच्या दिशेला पाठ करून पळू नये, वाऱ्याच्या आडव्या बाजूने आणि उंचावर जावे. तोंडावर ओले फडके धरावे. आठव्या ओळीशी आम्ही थांबलो. त्याने पुन्हा विचारले, तेव्हा वाचली, “रिसते सिलिंडर पर पानी मत डालना.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “बस, इतना ही?”

आणि बायकोला चहा ठेवावयास सांगितले.

त्या चहाची चव आम्हांस अजून आठवते. परतीच्या वाटेवर आमच्या डोळ्यांपुढे आईने काढलेला तो मोठा बाण होता. चिवड्याला लोणच्याचे तेल लागू नये म्हणून चौथी इयत्ता शिकलेल्या आमच्या आईला जे सुचले होते, ते एका माणसाच्या छातीत विष जाऊ नये म्हणून पदवीधर असलेल्या आम्हांस सुचले नव्हते. तिने तीन भाषांत लिहिले, चौथ्या माणसासाठी चित्र काढले, आणि माल निघण्याआधी माहिती पुढे धाडली. ट्रेम कार्ड म्हणजे दुसरे काय आहे? आईचे कार्डच. फरक एवढाच की ती ते वाचले जावे म्हणून लिहीत असे आणि आम्ही ते जवळ असावे म्हणून ठेवीत असू.

पुढच्या सतरा वर्षांच्या नोकरीत आम्ही काही मोठे केले, असे म्हणण्याचे धाडस होत नाही. परंतु पत्रक स्थानिक लिपीत, हिंदीत आणि तेलुगूत छापवून घेतले. त्याच्या पाठीवर चार चित्रे घातली. नळीतून पडणाऱ्या पाण्यावर मोठी लाल फुली, हे पहिले चित्र. प्रत्येक ड्रायव्हरला फाटकावर बसवून पाच प्रश्न विचारावयाचे. त्याने आपल्या भाषेत उत्तरे दिल्याखेरीज ट्रक हलवावयाचा नाही. फलकावरचा फोन रात्री दोन वाजता उचलणारा माणूस नेमला, आणि तो उचलतो की नाही हे पाहण्यासाठी अधूनमधून स्वतः रात्री दोन वाजता फोन केला. त्या माणसाने आम्हांस मनातल्या मनात काय म्हटले असेल, ते असो.

यापेक्षा कठीण होते ते गिऱ्हाइकाचे. माल गिऱ्हाइकाच्या दारी उतरला, पावतीवर शिक्का पडला, म्हणजे पाठविणाऱ्याचा संबंध संपला, असे विक्री खात्याचे मत होते. आमच्या मनातला जमादार मात्र गिऱ्हाइकाचाच माणूस होता. आमच्या हजेरीपटावर त्याचे नाव कधीच नव्हते. म्हणून आम्ही माल धाडण्याआधी विचारू लागलो: तुमच्याकडे श्वसनाचे मुखवटे आहेत काय? व्हॉल्व्हची चावी आहे काय? गळती शोधण्यासाठी अमोनियाची बाटली आहे काय? अमोनियाचा बोळा गळतीजवळ नेला की पांढरा धूर होतो आणि छिद्र कोठे आहे ते दिसते. इतकी स्वस्त युक्ती असूनही निम्म्या केंद्रांवर ती कोणाला ठाऊक नव्हती. विक्री खात्याचे साहेब चिडून म्हणाले, “तुम्ही गिऱ्हाईक घाबरवता. उद्या तो दुसरीकडून घेईल.” आणि खरोखरच एकाने दुसरीकडून घेतले.

एका नगरपालिकेच्या बाबतीत तर आमचीच कोंडी झाली. तिच्याकडे मुखवटा नव्हता आणि तो घेण्यास पैसाही नव्हता. माल रोखावा, तर पावसाळ्याच्या तोंडावर सारे गाव अशुद्ध पाणी पिणार. धाडावा, तर पुन्हा एखादा जमादार. शेवटी आमच्या सुरक्षा विभागातून एक मुखवटा उसना काढला आणि तो वापरावयास शिकविण्यासाठी आमचा एक माणूस ट्रकबरोबर धाडला. त्या प्रवासभत्त्याच्या बिलावर लेखा विभागाने सात महिने आक्षेप चालविला. वाचकांपैकी जे लेखा विभागात असतील त्यांनी राग मानू नये.

या सर्व काळात एका शब्दाची आम्हांस धास्ती बसली. तो शब्द म्हणजे ‘रिकामा’. गिऱ्हाइकाकडून परत येणाऱ्या सिलिंडरांच्या चलनावर ‘रिकामे’ असे लिहिलेले असते. क्लोरीनचा सिलिंडर खऱ्या अर्थाने कधीच रिकामा नसतो. तळाशी काही वायू उरतोच. म्हणून रिकामाही भरल्यासारखाच हाताळावा, व्हॉल्व्ह बंद करून टोपी घालूनच परत धाडावा, असा दंडक आहे. आणि परत धाडताना गिऱ्हाईक स्वतःच माल पाठविणारा होतो, सारी जबाबदारी त्याच्या अंगावर येते, हे त्याच्या गावीही नसते. हा एक शब्द काय करू शकतो, हे ११ मे १९९६ रोजी अमेरिकेत दिसले. मायामीहून उडालेल्या व्हॅल्यूजेटच्या ५९२ क्रमांकाच्या विमानात ऑक्सिजन निर्माण करणाऱ्या जुन्या डब्यांची खोकी चढविली होती. कागदावर ते डबे ‘रिकामे’ होते. ते रिकामे नव्हते, आणि त्यांवर बसवावयाच्या सुरक्षा-टोप्याही बसविलेल्या नव्हत्या. आग लागून विमान एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळले. ११० माणसे गेली. खोकी उचलणाऱ्याने, विमानात रचणाऱ्याने, वैमानिकाने, साऱ्यांनी त्या एका शब्दावर विश्वास ठेवला. ठेवणार नाहीत तर काय करणार? बंद खोक्याच्या बाबतीत जगाला पाठविणाऱ्याच्या शब्दाखेरीज दुसरा आधारच नसतो.

आम्हांस वाटते, माल पाठविणाऱ्याच्या जबाबदारीचे सारे मर्म येथेच आहे. आत काय आहे हे फक्त त्याला ठाऊक असते, आणि ते हाताळावयाचे असते इतरांना. रेल्वेच्या १९८९ च्या कायद्यातही हीच अट आहे: धोकादायक वस्तू असेल तर तिचे स्वरूप लेखी कळवा आणि पेटीवर बाहेरून स्पष्ट खूण करा. १८९० च्या जुन्या कायद्यातही या कल्पनेचे बीज आहेच. शंभर वर्षांत माल बदलले, गाड्या बदलल्या. कायदा तोच एक प्रश्न विचारीत राहिला, जो साताऱ्याच्या पार्सल ऑफिसातला कारकून आमच्या आईला विचारीत असे.

सेवानिवृत्त होऊन आम्ही इकडेच स्थायिक झालो. आता आम्ही कोणास क्लोरीन पाठवीत नाही. परंतु गेल्या दिवाळीत मुलीला बंगळुरूला पार्सल धाडावयाचे होते. सौ. ने चकल्या भरल्या, आम्ही नातवासाठी फोनला वीज पुरविणारी बॅटरीची एक नवी डबी, म्हणजे पॉवर बँक, घेतली होती ती कडेला खोचली, आणि उरल्या जागेत चार फुलबाज्यांची पाकिटे बसविली. कुरियरचा पोरगा दारात आला. त्याने चकल्यांचा वास घेत सहज विचारले, “अंकल, अंदर क्या है?”

“कुछ नहीं, घर का ही सामान,” असे आमच्या तोंडून निघून गेले.

पोरगा फॉर्म भरू लागला. आम्ही त्याच्या हाताकडे पाहत राहिलो. लिथियमच्या अशा बॅटऱ्यांचा संयुक्त राष्ट्रांच्या यादीतला क्रमांक ३४८०. त्या सुट्या असल्या तर प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्यास १ एप्रिल २०१६ पासून मनाई आहे. फुलबाजी तर उघड उघड स्फोटकांच्या वर्गातली. हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. सारी हयात आम्ही तेच शिकविले होते. आणि तरीही ‘काही नाही’ हे दोन शब्द किती सहज आले!

आम्ही त्याला थांबविले, दोरी सोडली आणि त्या दोन्ही वस्तू बाहेर काढल्या. पोरगा घाईत होता. म्हाताऱ्याच्या या नसत्या खटाटोपाला तो कंटाळला असावा. मग डबा पुन्हा बांधून आम्ही त्याला सांगितले, “लिखो. चकली दो किलो, बेसन के लड्डू पच्चीस, लोणचे की एक बरणी. बरणी नीचे है, डिब्बा सीधा रखना.”

त्याने ‘फूड आयटम’ असे लिहिले आणि तो निघाला. आम्ही आत येऊन मुलीला फोन लावला आणि बरणीचा दट्ट्या सुरीने काढू नकोस, असे बजावून सांगितले. ती हसली.